फाटकाबाहेरच्या गप्पा

चिमणी गप्प बसली, तिथून सुरुवात झाली. एरवी ती पोरगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर कवळ्या बनवायची लॅब, आणि मधल्या जिन्यावर दिवसभर ये-जा करणारी ही चिमणी. पेशंटच्या मापांचे ट्रे वर आणायचे, तयार कवळ्या खाली न्यायच्या आणि येता-जाता तोंडाचा पट्टा चालू. खाली कोण रडलं, कोण डॉक्टरांच्या बोटाला चावलं, कोणाची सासू दात काढायला आली आणि सुनेचा पाणउतारा करून गेली, सगळं वरपर्यंत पोचायचं. वर खिडकीशी बसून मेणात दात बसवणाऱ्या बाईला दवाखान्यात सगळे कवळीताई म्हणत. ती हूं हूं करत ऐकायची. ऐकायची म्हणजे कान तिकडे आणि डोळे दातांवर. त्या सकाळी तिने सहज विचारलं, "काय गं, काल दांडी मारलीस. कुठे होतीस?" चिमणीने उत्तर दिलं नाही. हातातला ट्रे खाली ठेवला, उजवा तळहात टेबलावर उपडा टेकवला, डोळे किंचित मिटले, एक श्वास आत घेतला, सोडला आणि मग सावकाश म्हणाली, "होते एके ठिकाणी. छान होतं."

कवळीताईच्या हातातली तापलेली सुरी मेणात जास्तच खोल गेली आणि समोरचा दात तिरका झाला. चिमणी खाली गेली तेव्हा जिन्यावरून डॉक्टरांचा आवाज आला, "वा! आज आमची चिमणी किती शांत!" आणि कुणीतरी हसलं. कवळीताईला मात्र हसू आलं नाही. स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत हलत होती. प्लास्टरचा ओलसर वास, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपलाही तळहात टेबलावर उपडा पडलाय. हाताने आपणहून जागा घेतली होती. शब्द तोंडातून नाही, हातातून उतरू द्यावेत, घाई करू नये, असं ती एकेकाळी राहिली त्या घरातले प्रमुख, ज्यांना सगळे "मोठे" म्हणत, ते सांगायचे. खरी गंमत ही, की तिला आधी भीती वाटलीच नाही. भीती मागून आली. आधी आला तो आनंद. परक्या गावात रस्त्याने चालताना कुणीतरी आपल्या माहेरचं बोलतंय असं ऐकू यावं तसा. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने उठून उगाचच हात धुतले.

ती या शहरात आली तेव्हा चिमणीच्याच वयाची होती. कवळ्या बनवायचं शिकायला आली होती आणि एका बाईच्या घरात भिंतीकडेची एक खाट भाड्याने घेऊन राहत होती. आईवडील गेलेले, थोरली बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवसांतली एक गोष्ट तिला अजून आठवायची: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुणीही आपल्याला नावाने हाक मारलेली नाही, हे एकदा कळलं आणि ती अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःलाच हळू आवाजात हाक मारून बघत होती. मग पावाच्या दुकानातल्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "जेवलीस का गं?" बस्स, एवढंच. पुढे, असल्या पंथांपासून लोकांना सावध करणारे मास्तर आपल्या भाषणात म्हणत की हे लोक जाळं टाकतात, आमिष दाखवतात, तेव्हा तिला दरवेळी ती रांग आठवायची. कसलं आमिष? जेवलीस का, एवढं विचारायला जाळं कशाला लागतं? आणि एवढं विचारणारं दुसरं कुणी का नव्हतं त्या गावात?

त्या बाईच्या मागोमाग ती गेली ती "उजेड"मध्ये. तसं साधंच नाव, आणि घरही साधंच. शहराच्या कडेला जुनी कापसाची वखार होती, ती धुऊनपुसून राहती केलेली. लांबच लांब स्वयंपाकघर, एका भिंतीला सलग खिडक्या, मधोमध लाकडी टेबल. सकाळी त्या टेबलाभोवती वीसएक माणसं बटाटे सोलत बसायची आणि गायची. शब्द फारसे नव्हतेच त्या गाण्याला. बायकांचे आवाज वर जायचे, पुरुषांचे खाली राहायचे, आणि मोठ्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की हिचा आवाज बायकांतही खालच्या पट्टीतला आहे. "तू जमीन हो," ते म्हणाले होते. "त्यांना उडू दे. कुणीतरी जमीन व्हायला पाहिजे ना!" आयुष्यात पहिल्यांदा तिच्या जाड्या आवाजाचं कुणी काही चांगलं केलं होतं. मोठे म्हणजे काही जटा वाढवलेले, डोळे वटारणारे गृहस्थ नव्हते. पायजमा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि बटाटे सगळ्यांत पातळ सोलणारे. आपण कधीतरी बोललेलं त्यांच्या लक्षात राहायचं. तिला लहानपणी विहिरीची भीती वाटायची हे तिने एकदा सांगितलं होतं. वर्षभराने बाहेर कुठे चालत जाताना वाटेत विहीर लागली तर ते गप्पा न थांबवता तिच्या आणि विहिरीच्या मध्ये आले. अशी माणसं कुठे असतात? दुपारी उन्हात बसून बायका एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या. पाठीमागे कुणाची तरी बोटं केसांतून फिरताहेत, पुढे कुणाची तरी पाठ टेकायला आहे, भांड्यांचा आवाज येतोय, आणि संध्याकाळी काय करायचं हे आपल्याला ठरवायचं नाही. ते सुख तिला पुढे कुठेही मिळालं नाही. नोकरी मिळाली, स्वतःची खोली मिळाली, हातात कसब आलं, अक्काची मुलं अंगाखांद्यावर खेळली. पण ते नाही.

म्हणून "बाहेर पडलेल्यांच्या" बैठकीत ती कधी बोलायची नाही. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमायची. उजेडातून निघून आलेले, किंवा ज्यांचं कुणीतरी अजून तिथे होतं असे. खुर्च्या गोल मांडायच्या, किटलीत चहा, आणि मास्तर उभे राहून बोलायचे. मास्तर गणित शिकवायचे, त्यामुळे दुःखसुद्धा फळ्यावर सोडवून दाखवायची सवय. पहिलं लक्षण, दुसरं लक्षण. तुमच्या माणसाचे मित्र तुटले का? त्याच्या बोलण्यात तेच तेच शब्द येतात का? ते शाळांत, कारखान्यांत, गृहसंस्थांच्या सभांत जाऊन हेच सांगायचे, लोकांना सावध करायचे. त्यांच्यामुळे काही पोरं वाचलीही होती. माणूस सोन्यासारखा, पण चिडका. कवळीताई चहा ओतायची, खुर्च्या लावायची, आणि कुणी "तुम्ही पण सांगा ना" म्हटलं की "पुढच्या वेळी" म्हणून कप विसळायला जायची. सांगणार काय होती? तिथे मला छळलं, हे खरं होतं. तिथे मला फार बरं वाटायचं, हेही खरं होतं. आणि त्या खोलीत फक्त पहिल्या वाक्यालाच खुर्ची होती.

चिमणीचं तिने मास्तरांच्या कानावर घातलं मात्र, ते ताडकन उभेच राहिले. "कधीपासून? राहायला गेली का? नाही ना अजून? मग आण तिला. या बैठकीलाच आण. काहीही थाप मार, पण आण." तिने थाप मारली नाही. चिमणीला म्हणाली, "मीही होते उजेडात. तिथून निघालेल्यांची बैठक असते, येशील?" वाटलं होतं पोरगी दचकेल. चिमणीचा चेहरा उलट फुलला. "खरंच? तुम्ही? मग तर येतेच."

आली, आणि अगदी पुढच्या खुर्चीत बसली. मास्तर बोलत होते तोवर मान तिरकी करून ऐकत होती, लहान मूल आजारी माणसाकडे बघतं तशा डोळ्यांनी. मास्तर थांबले तसा तिने मांडीवर तळहात टेकवला, श्वास सोडला आणि म्हणाली, "मोठे म्हणालेच होते, काही लोक दुखावून बाहेर पडलेले असतात. ते येतील, तुला समजावतील. त्यांचा राग करू नकोस, म्हणाले. त्यांचं ऐकून घे." मग ती मास्तरांकडे बघून हसली. "मला नाही हो राग आला." मास्तरांच्या कपाळाची शीर टरारली. "अगं पोरी, घराला आग लागलीये आणि तू पडद्यांचा रंग सांगतेस मला!" ते इतक्या जोरात ओरडले की वाचनालयाच्या बाईने दार उघडून आत पाहिलं. चिमणीने उठून त्यांना पाणी आणून दिलं. मास्तरांनी पेला घेतला आणि ते खाली बसले. ती सगळी बैठक त्या एका पेल्यात बुडाली. ज्या माणसांना सावध करायचं त्यांना आधीच आपल्याविरुद्ध सावध करून ठेवलेलं असतं, आणि तेही प्रेमाने. त्यावर फळ्यावर काही उत्तर निघत नव्हतं.

कप विसळताना मास्तर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "चुकलं माझं," म्हणाले. तिने पाण्याखालून हात न काढता विचारलं, "तिथे बरं वाटतं, हे तुम्ही कधी का नाही सांगत?" मास्तरांनी विसळलेला कप पुसायला घेतला. त्यांची बायको अजून उजेडात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली कशी, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "एकदा चोरून बघायला गेलो होतो," ते म्हणाले. "कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. दुसऱ्या एकीशी बोलता बोलता हसली. म्हणजे अशी, तोंड उघडून." त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं आणि लगेच मिटलं. "इतक्या वर्षांच्या संसारात तिचे मागचे दात मी पाहिले नव्हते हो. हे सांगू मी लोकांना?" तिने नळ बंद केला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिचा हात ओला होता, म्हणून राहून गेलं.

बाहेर चिमणी तिच्यासाठी थांबली होती. दोघी बसच्या थांब्याकडे चालायला लागल्या. दुपार कलली होती, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. काय बोलावं ते न सुचून कवळीताईने विचारलं, "सकाळी अजून गातात का गं?" आणि चिमणीला जणू कुणी पंख दिले. "गातात म्हणजे! ते बटाट्यांच्या वेळचं ना? मला वरचं येतं, आता कुठे जमायला लागलंय." आणि भर रस्त्यात तिने हळूच सुरुवात केली. तिचा आवाज कोवळा होता, वर जाताना किंचित फाटत होता. कवळीताईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी छातीत कुठेतरी खालचा सूर लागलाच. आधी नुसता घुमला, मग बाहेर पडला. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून त्या गात चालल्या. एक माणूस वळून बघून गेला. इतकी वर्षं हा आवाज घशात कुठे बसला होता? गाणं संपलं तेव्हा चिमणीच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं मी," ती म्हणाली. "कवळ्या करतात म्हटल्यावर मोठ्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, ती खालच्या पट्टीतली? विहिरीला घाबरणारी? तिला म्हणावं, तुझी जागा अजून रिकामी आहे. चला ना ताई!" बस आली, चिमणी चढून गेली, आणि कवळीताई थांब्यावरच्या बाकावर बसून राहिली. पुढची बस गेली, त्याच्या पुढचीही. तुझी जागा रिकामी आहे. म्हातारपण उंबरठ्याशी आलेल्या, संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या बाईला याहून गोड वाक्य कुणी ऐकवलं असतं? मोठ्यांना माणसाची नाडी बरोबर सापडायची. तेव्हाही, आताही.

आणि मग तिने स्वतःला सावलीची आठवण करून दिली. करून द्यावी लागायची. गोड आठवणी न बोलावता येत, ही बोलावल्याशिवाय यायची नाही. उजेडात संध्याकाळी सगळे मिळून मन मोकळं करायचे. स्वतःचं, आणि दुसऱ्याचंही. तिच्या शेजारच्या अंथरुणावरच्या मैत्रिणीने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, हिला बहिणीची आठवण येते, ही आतून अजून बाहेरच आहे. चहाडी म्हणून नव्हे, मायेने सांगितलं, डोळे पुसत. मोठे हळहळले. म्हणाले, हिला थोडे दिवस सावलीत बसू दे. सावलीत बसणं म्हणजे काही कोठडी नव्हे. खायचं, प्यायचं, काम करायचं, सगळं तसंच. फक्त कुणी आपल्याशी बोलायचं नाही आणि आपल्याकडे बघायचं नाही. नजर आपल्या अंगावरून अशी पुढे जायची जशी खुर्चीवरून जाते. टेबलाशी ती बटाटे सोलायला बसली की दोन्ही बाजूंची माणसं नकळत सरकायची. ती गायची तर गाणं थांबायचं. काही दिवसांनी तिला आपला हात आहे की नाही याची खात्री वाटेना. गरम भांड्याला मुद्दाम बोट लावून बघायची. आणि एका सकाळी मोठ्यांनी तिच्यासमोर बटाटा ठेवला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "ये, कुठे होतीस?" सगळी माणसं उठून तिच्या गळ्यात पडली. ती मैत्रीणसुद्धा, हुंदके देत. तसलं सुख! मेलेलं माणूस परत आलं तर त्याला कसं वाटेल, ते तिला ठाऊक होतं. मास्तरांच्या कुठल्याच लक्षणात ते बसत नव्हतं. सावली वाईट होती, पण सावली उठायची ती सकाळ फार वाईट होती; कारण पुढे पुढे तिला आपण त्या सकाळसाठी जगतोय असं वाटायला लागलं. पुन्हा काहीतरी चुकावं, पुन्हा सावलीत जावं, म्हणजे पुन्हा कुणीतरी म्हणेल, ये, कुठे होतीस.

तिला बाहेर काढलं ते अक्काने, आणि तेही काढायचा काही आव न आणता. अक्का दर रविवारी दोन बस बदलून वखारीच्या फाटकाशी यायची. आत घेत नसत, म्हणून फाटकाबाहेर उभी. तिने कधी "घरी चल" म्हटलं नाही, मोठ्यांना नावं ठेवली नाहीत, रडली तर मुळीच नाही. फाटकाच्या गजांतून ती आपली वटवट करायची. शेजारणीच्या मांजराने म्हणे कुणाच्या तरी कपाटात पिल्लं घातली. नवऱ्याच्या कचेरीतला एक ब्रह्मचारी म्हणे रोज दोन माणसांचं दूध घेतो. पाहुण्यांसमोर म्हणे तिच्या नवऱ्याची खुर्ची मोडली. आत सगळं बोलणं आत्म्याचं, आणि बाहेर ही बाई दुधाचा हिशेब सांगतेय! पहिल्यांदा तिला अक्काची कीव यायची. आणि दरवेळी गोष्ट ऐन रंगात आली की अक्का म्हणायची, "अगंबाई, बस चुकेल माझी," आणि चालायला लागायची. ते दोन माणसांचं दूध कुणासाठी, हे आठवडाभर डोक्यात राहायचं. बटाटे सोलताना, गाताना, डोळे मिटून बसलं असताना. मग एका रविवारी अक्का आलीच नाही. पुढच्याही नाही. ती फाटकाशी उभी राहून राहून शेवटी कडी काढून बाहेर पडली, बस धरली, अक्काच्या दारात पोचली, तर अक्का तापाने फणफणलेली, गोधडीत गुरफटून पडलेली. तिला बघून म्हणाली, "आलीस? चहा टाक, आलं जास्त घाल." ती परत गेली नाही. खूप वर्षांनी, शेवटच्या आजारात, अक्काने हसत सांगितलं होतं, "मुद्दाम अर्धं सांगायचे गं. ओढून आणलं असतं तर तू पळून परत गेली असतीस. अर्धी गोष्ट राहिली की माणूस आपल्या पायांनी येतं." आणि ते दूध? "ते कुठलं आलंय! ब्रह्मचारी तरी कुठे होता यांच्या कचेरीत? सगळे पोराबाळांचे होते तिथे." दोघी इतक्या हसल्या होत्या की नर्स रागावली. आता अक्काही नव्हती. बाकावर बसल्या बसल्या तिला कळलं की आपल्याला उजेडाची आठवण येत नाहीये, किंवा येतेय पण एकट्या उजेडाची नाही. फाटकाच्या त्या बाजूची येतेय तशी या बाजूचीही येतेय, आणि दोन्ही बाजूंची माणसं सारखीच गेलीत.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने चिमणीला सगळं सांगितलं, दोन्ही वाक्यं. केसांतली बोटं सांगितली, विहीर सांगितली, सावली सांगितली, आणि सावली उठली त्या सकाळचं सुखही सांगितलं, जसं होतं तसं. "ते सुख खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण आधी जीव घेऊन मग परत दिला, तर माणूस देणाऱ्याचे पाय धरतं गं. जीव आपलाच होता, हे विसरतं." चिमणी मापांच्या ट्रेकडे बघत होती. मग म्हणाली, "घरी मी काकाकाकूंकडे राहते ना. बाहेरच्या खोलीत. मी आले की काकू म्हणते, दिवा बंद कर. बाकी काही नाही म्हणत, वाईट नाहीत ती. पण तिथे मी गेले की सगळे उठून उभे राहतात, ताई." रोज जिन्यावर ही पोरगी एवढं बोलत होती ते कुणीतरी वर मान करून बघावं म्हणून, हे कवळीताईला आत्ता उमगत होतं. महिना भरायच्या आत चिमणीने नोकरी सोडली आणि ती वखारीत राहायला गेली. मास्तर हळहळले. "हरलो," म्हणाले. कवळीताई म्हणाली, "बघू."

पहिल्या रविवारी ती फाटकाशी गेली तेव्हा आपण नक्की कशासाठी चाललोय, याची तिलाच खात्री नव्हती. वखारीला नवा रंग दिला होता, कुंपणाला वेल चढला होता. आतून गाणं येत होतं, आणि त्यात जमीन नव्हती. वरचे सगळे सूर अधांतरी तरंगत होते. फाटकाची कडी आतून लावलेलीसुद्धा नव्हती, नुसती ढकलायची. गजाला धरून ती तशीच उभी राहिली, गाणं संपेपर्यंत. मग निरोप धाडल्यावर चिमणी आली, अंगाने वाळलेली, चेहऱ्यावर तीच सावकाश शांतता. "आत चला ना," म्हणाली. "नको गं, पाय दुखतात. इथेच बरी आहे," कवळीताई म्हणाली, आणि काय बोलावं ते आठवेना. अक्काला हे सोपं कसं जात होतं? शेवटी म्हणाली, "तुझ्या जागी एक मुलगा आलाय. शिंकला की ट्रे पाडतो." चिमणीने नुसती मान हलवली. पण पुढच्या रविवारी ती होती, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा मात्र तिने येऊन नुसतं गजाला टेकून घेतलं, काहीच बोलली नाही, आणि कवळीताई बोलता बोलता तिच्याकडे टक लावून बघत राहिली तेव्हा तिच्या हनुवटीला कंप सुटला. आत तिच्याकडे सध्या कुणी बघत नव्हतं, हे न सांगता कळलं. कवळीताईने सावलीचा शब्द काढला नाही. गजांतून हात घालून तिचे केस कानामागे सारले आणि बोलणं चालू ठेवलं.

मग ऊन उतरलेला एक रविवार. चिमणी त्या दिवशी टवटवीत होती, म्हणजे नुकतीच सावलीतून उठली असावी. कवळीताई सांगत होती, की दवाखान्यात एक म्हातारं जोडपं आलं, आणि म्हातारा म्हणतोय माझी कवळी टोचते. डॉक्टरांनी बघितली तर ती बाईमाणसाची. "मग बायकोची असेल," चिमणी पटकन म्हणाली. हात टेकवायचं विसरूनच. "तेच म्हणाले डॉक्टर. म्हातारीला म्हटलं, आजी, तोंड उघडा. तर हिच्या तोंडात हिची कवळी जागच्या जागी!" "अय्या! मग ती कुणाची?" "तेच तर म्हातारी विचारायला लागली ना! तिने पर्स घेतली, उठली..." आणि बोलता बोलता कवळीताई वळली आणि चालायला लागली, पाठमोरीच बोलत राहिली, जणू ऐकणारं माणूस शेजारी आहेच. बस चुकेल म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. आवाज किंचित खाली आणला, एवढंच. "उठली, आणि दवाखानाभर लोक बसलेले असताना नवऱ्याला म्हणते कशी..." मागे लोखंड करकरलं. मग सपातांचा आवाज, घरातल्या पातळ सपातांचा, रस्त्याच्या खडीवर. "काय म्हणाली? ताई, मोठ्याने बोला ना, काय म्हणाली?"

तिने मागे पाहिलं नाही. चिमणी शेजारी येऊन चालायला लागली होती, दमलेली, तोंड उघडं, डोळे तिच्या ओठांवर. मागून कुणीतरी चिमणीला हाक मारली. हाक एकदा आली, दुसऱ्यांदा आली, आणि पोरीची मान अर्धी वळली. म्हातारीने पुढे काय म्हटलं ते तिला मुळीच माहीत नव्हतं. कारण ते जोडपं दवाखान्यात कधी आलंच नव्हतं. "म्हणाली," तिने दम घेत घेत सुरुवात केली, "म्हणाली, हे बघा, आता मला सगळं पहिल्यापासून सांगा," आणि तिने म्हाताऱ्याला एक धाकटी मेहुणी दिली, मेहुणीला एक लग्नाचं घर दिलं, त्या घरात पाण्याच्या एकाच भांड्यात ठेवलेल्या साऱ्या पाहुण्यांच्या कवळ्या दिल्या. चिमणी खो खो हसली आणि वळलेली मान पुढे आली. कोपऱ्यावरचा बसथांबा आला, त्या तिथे थांबल्या नाहीत. पुढचा थांबा टेकडीपलीकडे होता, आणि कवळीताई नवी नवी माणसं गोष्टीत आणत, पाय दुखत असतानाही, जमेल तितकी सावकाश चालत राहिली.